भाचीची पाळी पाच महिने आली नाही, सगळे पीसीओडी म्हणतायत, मला पटत नाहीये

निंबोणी | २१ सप्टेंबर, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय घरातला आहे पण इथे लोक नीट बोलतात हा अनुभव आहे म्हणून लिहितेय.

माझ्या बहिणीची मुलगी, वय २१, गाव सातारा जिल्ह्यात. दीड वर्षं झालं पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतेय. गणपतीला घरी आली. आमच्याकडे अजून गणपतीच्या आधी घरातल्या सगळ्या बायकांच्या पाळीच्या तारखा विचारल्या जातात (त्यावर वेगळा धागा होईल, इथे नको), तर ही म्हणाली माझी काही काळजी करू नका. बहिणीला आधी वाटलं पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील, मग खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की एप्रिलनंतर आलेलीच नाही! त्याआधी अगदी घड्याळ लावल्यासारखी, २८-३० दिवसांनी. तेराव्या वर्षी सुरू झाली तेव्हापासून कधी तक्रार नव्हती.

बहीण रात्रभर रडली, तिच्या डोक्यात काय आलं असेल ते तुम्ही समजून घ्या. दुसऱ्या दिवशी मी फोनवर म्हटलं रडू नकोस, मेडिकलमधून किट आण आणि विषय संपव. भाची चिडली, पण केली टेस्ट. निगेटिव्ह. आठ दिवसांनी परत केली, निगेटिव्हच. मग तालुक्याच्या गावी डॉक्टरकडे नेलं, सोनोग्राफी झाली, रिपोर्टमध्ये 'पॉलिसिस्टिक पॅटर्न' असं आलंय. डॉक्टरांनी दोन मिनिटांत पीसीओडी आहे सांगितलं, वजन कमी करा म्हणाले आणि वर लग्न झालं की सुरळीत होईल.

आता गंमत अशी की पोरीचं वजन गेल्या वर्षी ५२ होतं ते आता ४४ आहे. उंची पाच फूट तीन. कमी करायचं म्हणजे अजून किती करायचं? चेहऱ्यावर ना पिंपल ना केस. मग हे पीसीओडी कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. अजून काय काय असू शकतं आणि कुठल्या टेस्ट करायच्या?

अर्धवट_झोप | २१ सप्टेंबर, रात्री ११:५२

निंबोणीताई, मी ऑथेंटिक पीसीओएसवाली (पीसीओडी म्हणतात तेच) आहे म्हणून सांगते. हिंजवडीत चार वर्षं रात्रपाळी, ५८ ची ७४ झाले, हनुवटीवर जाड केस, मान काळी, जबड्यावर पिंपल्स आणि पाळी कधी दोन महिन्यांनी कधी चार. उपाशीपोटी साखर पण वर गेली होती. माझ्या डॉक्टर म्हणाल्या वजनाच्या ५ ते १० टक्के जरी उतरलं तरी फरक पडतो आणि खरंच सहा किलो गेल्यावर दर ४० दिवसांनी यायला लागली. पण तुमच्या भाचीचं वर्णन माझ्यासारखं काहीच वाटत नाहीये. आणि ते लग्न झालं की ठीक होईल हे वाक्य मला तीन डॉक्टरांनी ऐकवलंय, लग्न होऊन पाच वर्षं झाली, हनुवटी आहे तिथेच आहे.

कोकणी_काकू | २२ सप्टेंबर, सकाळी ६:३५

अंगात रक्तच नसेल तर येणार कुठून? आजकालच्या मुली मॅगीवर जगतात. आमच्या आईने सांगितलेलं, ओवा नि गूळ उकळून सात दिवस द्यायचा, तीळ खायचे, पपई. उष्णता वाढली की येते बरोबर. ४४ किलो म्हणजे काय वजन झालं काय, आमची शेळी असते तेवढी.

चहाटळ | २२ सप्टेंबर, सकाळी ९:०२

काकू शेळीचं बरं आहे, तिला एमपीएससी नाही. पाच महिने कटकट नाही म्हणजे लॉटरीच की, लोक उगाच टेन्शन घेतात. हलके घ्या.

निंबोणी | २२ सप्टेंबर, सकाळी ९:३०

हलकं घ्यायचा विषय नाहीये हा.

स्टेथोवाली | २२ सप्टेंबर, दुपारी ३:४०

ओपीडी संपवून लिहितेय, मोठा होईल प्रतिसाद. मी नाशिकला गायनॅक आहे. पेशंट न बघता निदान करता येत नाही त्यामुळे हे सगळं तुम्ही पुढच्या डॉक्टरला काय विचारायचं यासाठी आहे, इलाज म्हणून नाही.

पहिलं म्हणजे चहाटळ यांच्या लॉटरीबद्दल. नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही किंवा मुळातच मागेपुढे असणारी सहा महिने आली नाही तर तपासायचंच, मग त्रास होत असो वा नसो. कारण पाळी हे शेवटचं टोक आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे, तिथून साधारण तास-दीड तासाने एकेक ठोका पडतो, त्या ठोक्यावर पिच्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही हार्मोन सोडते, त्यावर अंडाशय चालतं, अंडाशयातल्या इस्ट्रोजेनवर गर्भपिशवीचं अस्तर वाढतं, स्त्रीबीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन येतं आणि ते उतरलं की अस्तर गळून बाहेर येतं. यातली कुठलीही कडी तुटली तरी बाहेर दिसतं एकच, पाळी नाही. म्हणून 'पाळी आली नाही' हे निदान नाहीच, तिथून शोध सुरू होतो.

आता पीसीओडी. त्यासाठी २००३ पासून जगभर जे निकष वापरतात त्यात तीनपैकी दोन गोष्टी लागतात. पाळीचा गोंधळ, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा (केस, पिंपल किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन) आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. आणि हे दोन जुळले तरी आधी थायरॉईड, प्रोलॅक्टिन वगैरे बाकीची कारणं वगळायची असतात, हा भाग सगळे विसरतात. शिवाय तरुण मुलींच्या अंडाशयात भरपूर छोट्या पिशव्या दिसणं अगदी नॉर्मल असतं. इतकं नॉर्मल की २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीच्या चित्रावरून पीसीओएस ठरवूच नका. भाचीची तेराव्या वर्षी सुरू झाली म्हणजे ती त्या रेषेवरच उभी आहे. आणि वजन घटल्यामुळे पाळी थांबलेल्या मुलींच्या सोनोग्राफीतही तसंच चित्र दिसू शकतं, त्यामुळे रिपोर्टमधला तो शब्द वाचून घाबरू नका आणि त्याच्यावर विसंबूही नका.

आठ किलो वजन जाणं ही मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. शरीराला कळतं की खायला मिळत नाहीये, मग ते मेंदूतला तो ठोका मंद करतं, मूल वाढवायची ही वेळ नाही असा त्याचा हिशोब. त्यात परीक्षेचा ताण, झोप नाही.

काकू, रक्त कमी असणं हे पाळी बंद व्हायचं नेहमीचं कारण नाही हो, उलट जास्त जाते म्हणून रक्त कमी होतं असंच आम्ही जास्त बघतो. तीळगूळ द्या, चांगलाच आहे, ४४ किलोवाल्या मुलीला दोन लाडू जास्तच द्या. पण ओव्याच्या काढ्याने तुटलेली कडी जोडली जात नाही.

टेस्ट विचारल्यात तर परत एकदा प्रेग्नन्सी (राग मानू नका, हे आम्ही एखादी साध्वी आली तरी करतो), टीएसएच (थायरॉईडची), प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्राडायॉल. केस-पिंपल असतील तर टेस्टोस्टेरॉन. सोनोग्राफी लग्न न झालेल्या मुलीची पोटावरूनच करतात, भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून. काही वेळा आम्ही पाच-दहा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन मग त्या बंद करतो, त्यानंतर ब्लीडिंग झालं तर कळतं की इस्ट्रोजेन आहे आणि वाट मोकळी आहे. नाही झालं तर गोष्ट वेगळी. सगळ्यात महत्त्वाची टेस्ट मात्र फुकट आहे, तिला शांत बसवून विचारा की फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आयुष्यात काय काय बदललं. आई समोर नको.

रानवारा | २२ सप्टेंबर, रात्री ९:१५

स्टेथोवाली +१. मी ती मंद ठोकावाली आहे बहुतेक.

२०१९ ला मी फुल मॅरेथॉनची तयारी करत होते. वजन ५० वरून ४३. पाळी बंद झाली आणि खरं सांगते मला आनंद झाला, पहाटे पाचला लांब पळायला जायचं तर ती भानगड नको असंच वाटायचं आणि आमच्या ग्रुपमध्ये तर बंद होणं म्हणजे तुझं ट्रेनिंग जोरात चाललंय अशी शाबासकी असायची. अकरा महिने गेले. मग नडगीत दुखायला लागलं, मी बर्फ लावून पळतेय, आणि एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर. डेक्सा स्कॅन केला तर कमरेच्या मणक्याची घनता माझ्या वयाच्या मानाने बरीच कमी. वय २६! ऑर्थोवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला, पाळी येते का. मला वाटलं यांना काय करायचंय.

इस्ट्रोजेन नसलं की हाडं झिजतात हे म्हाताऱ्या बायकांचं काहीतरी आहे असं मी समजत होते. उलट विशीच्या मध्यापर्यंतच हाडांची ठेव भरून घ्यायची असते आणि ती भरायच्या वयात मी काढून खात होते. ऑलिम्पिक समितीच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये याला नाव पण दिलंय, रेड-एस, म्हणजे खेळात खर्च होते तेवढी ऊर्जा पोटात जात नाही. त्यात फक्त पाळी नाही, हृदय, मूड, प्रतिकारशक्ती सगळंच येतं.

एका डॉक्टरांनी मला गर्भनिरोधक गोळ्या दिल्या, दर महिन्याला ब्लीडिंग व्हायचं, आई खूश. पण ती पाळी नव्हतीच, गोळी थांबली की येणारं ब्लीडिंग होतं ते, आत सगळं बंदच. आणि हाडांना त्या गोळ्यांचा जसा फायदा व्हायला हवा तसा होत नाही असं दुसऱ्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. शेवटी काय केलं, पळणं निम्मं, रात्री भात सुरू, शेंगदाण्याची चटणी, तूप. सात महिने लागले. ४९ ला आली परत.

ताई, भाची पळते का? भरतीची वगैरे तयारी? आणि मेसचा डबा दोन वेळा पुरवते का विचारा. मी पुण्यातच होते, एक डबा दुपारी अर्धा रात्री अर्धा हे तिथे निम्म्या पोरी करतात.

निंबोणी | २३ सप्टेंबर, सकाळी ८:२०

रानवारा, डबा तसाच. मी काल तिला फोन केला, बहीण बाहेर गेलेली असताना. एक डबा दोन वेळा, सकाळी चहा-बिस्किट, दिवसाला सात-आठ चहा, अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत. पळत नाही. जानेवारीत प्रिलिमचा रिझल्ट लागला त्यात थोडक्यात गेली आणि त्यानंतर जेवण जाईना, ॲसिडिटी, मळमळ. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आणि अजून काहीतरी सांगायचंय तिला पण सांगत नाहीये असं वाटलं.

औषधी_पुडी | २३ सप्टेंबर, सकाळी १०:०५

मी डॉक्टर नाही, कोल्हापूरला मेडिकल आहे, वीस वर्षं काउंटरवर उभा आहे. एकच प्रश्न विचारतो, ॲसिडिटीसाठी ती कुठली गोळी घेते आणि किती दिवस? पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचून सांगा, नुसतं नाव नको.

निंबोणी | २३ सप्टेंबर, दुपारी १:४५

फोटो मागवला तिच्याकडून. कॅप्सूल आहे. रॅबेप्राझोल आणि लेवोसल्पिराइड. फेब्रुवारीत एका डॉक्टरांनी दहा दिवस दिली होती, बरं वाटलं म्हणून ती त्याच चिठ्ठीवर आणत राहिली. रोज एक. म्हणजे सात महिने!

औषधी_पुडी | २३ सप्टेंबर, दुपारी २:१०

वाटलंच. स्टेथोवाली मॅडम खरं-खोटं सांगतील, पण लेवोसल्पिराइडने प्रोलॅक्टिन वाढतं आणि पाळी थांबते हे आमच्याकडे औषध कंपन्यांचे एमआर सुद्धा सांगतात. डोमपेरिडोन असलेल्या कॅप्सूलनेही होतं. लोकांना वाटतं ॲसिडिटीची गोळी म्हणजे पेपरमिंट, आणि आमच्या धंद्यातले पण जुनी चिठ्ठी बघून पट्टी कापून देतात, मी पण दिल्या असतील, खोटं कशाला बोलू. शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे, लाल रेघ असते पट्टीवर, ती रेघ कोणी बघत नाही.

स्टेथोवाली | २३ सप्टेंबर, रात्री ८:३०

पुडीसाहेब, तुम्हाला सलाम. हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवं होतं.

खरं आहे. प्रोलॅक्टिन म्हणजे दूध आणणारं हार्मोन, पिच्युटरीतून येतं आणि एरवी मेंदूतलं डोपामिन हे रसायन त्याला ब्रेक लावून ठेवतं. ही औषधं पोट-आतड्याची हालचाल सुधारायला डोपामिनची वाट अडवतात, ब्रेक निघतो, प्रोलॅक्टिन चढतं आणि चढलेलं प्रोलॅक्टिन मेंदूतला तो ठोका दाबतं. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी काही महिने येत नाही, तीच यंत्रणा, फक्त इथे बाळ नाही. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही होतं, रिस्पेरिडोन त्यातलं नेहमीचं, पण ते औषध कोणीही हा धागा वाचून स्वतःहून बंद करायचं नाही, तुमच्या डॉक्टरशी बोला.

निंबोणी, तिला एक गोष्ट हळूच विचारा, स्तनातून पांढरं-पातळ काही येतं का. आणि डोकेदुखी, बाजूचं दिसायला कमी झालंय का हेही. पिच्युटरीत छोटी गाठ असली तरी प्रोलॅक्टिन वाढतं, त्यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात आणि गोळ्यांनी आटोक्यात येतात. थायरॉईड फार मंद असेल तरी वाढतं, म्हणून टीएसएच सोबतच करायचं.

ग्रामीण_वाटा | २४ सप्टेंबर, सकाळी ७:५०

मी मराठवाड्यात आरोग्याच्या कामात आहे. वाचून दोन-तीन गोष्टी आठवल्या, धाग्याच्या भाचीशी संबंध नाही पण शोधत येणाऱ्यांना उपयोग होईल.

सरकारी दवाखान्यात 'अंतरा' इंजेक्शन देतात, तीन महिन्यांतून एकदा, पाळणा लांबवायला. त्याने पाळी अनियमित होते आणि पुढे बऱ्याच जणींची बंदच होते. ते औषधाचंच काम आहे, रक्त आत साठत नाही. पण हे आधी सांगितलं नाही तर बाई दुसरं इंजेक्शन घ्यायला येतच नाही, गावात बातमी पसरते की पिशवी खराब झाली.

दुसरं टीबी. लोकांना टीबी म्हणजे खोकला वाटतो. पिशवीच्या अस्तराला टीबी होतो, पाळी कमी कमी होत बंद पडते, मूल राहत नाही म्हणून तपासायला गेल्यावर सापडतो. पिशवी साफ केल्यानंतर, क्युरेटिंग म्हणतात आमच्याकडे, आत भिंती एकमेकींना चिकटल्या तरी पाळी येत नाही, सगळे हार्मोन नॉर्मल असतात. आणि बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव झालेल्या बाईला दूध आलं नाही, नंतर पाळीही आली नाही, सतत थकवा, थंडी वाजते, तर पिच्युटरीला धक्का बसलेला असू शकतो, अशा बाईला घरचे आळशी म्हणत वर्षानुवर्षं काढतात.

आणि शेवटची गोष्ट, ज्यांना पाळी नाही कारण पिशवीच नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये गाजलं, सरकारने समिती नेमली, ८२ हजारांच्या वर बायकांची पाहणी झाली त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या. पाळी आली की खाडा, खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. वर कोणीतरी लॉटरी म्हणालं होतं ना.

चहाटळ | २४ सप्टेंबर, सकाळी ११:२०

शब्द मागे घेतो. खरंच माहीत नव्हतं.

बाबा_माणूस | २४ सप्टेंबर, रात्री १०:४५

मी इथे फक्त वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. मला बायको नाही, मुलगी आणि मीच. ती १५ वर्षं ४ महिन्यांची आहे, अजून सुरूच झाली नाही. वर्गातल्या सगळ्यांची झाली म्हणते. बहिणीला विचारलं तर म्हणते होईल, काहींची उशिरा होते. माझ्याकडे कोणाला विचारायचं हेच कळत नाही.

स्टेथोवाली | २५ सप्टेंबर, सकाळी ७:१५

बाबा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. पंधरा पूर्ण झाल्यावर एकदाही आली नसेल तर थांबायचं नाही, दाखवायचं. (तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढच सुरू झाली नसेल तर तेराव्यालाच.) घाबरायला नाही, पुष्कळदा घराण्यातच उशिरा येते, तिच्या आईची किंवा तुमच्या बहिणीची कधी आली होती ते विचारून ठेवा.

डॉक्टर आधी बघतील की बाकीची वाढ झालीय का. वाढ व्यवस्थित, दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात, पण बाहेर काही नाही, असं असेल तर योनीमुखावरचा पडदा पूर्ण बंद असू शकतो, रक्त आत साठतं, कधी कधी तर लघवी अडली म्हणून मुलगी येते. छोटं ऑपरेशन, विषय संपतो. वाढ आहे, कळा नाहीत, आणि सोनोग्राफीत पिशवी दिसत नाही असंही साधारण पाच हजारांत एका मुलीला जन्मतः असतं. तिची अंडाशयं नीट असतात, ती पूर्ण मुलगीच असते. वाढ कमी, उंची बरीच कमी असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी गुणसूत्रं तपासतात, एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अर्धवट असतं, अडीच हजार मुलींत एकीला. हे सगळं तिला न सांगता तिच्या मागे कुजबुजून करू नका एवढंच. आणि लेडी डॉक्टर हवी का हे तिलाच विचारा.

सॅन_होजेची_चिमणी | २५ सप्टेंबर, सकाळी ११:०५

इथे रात्र आहे, झोप येत नाहीये. माझी २७ व्या वर्षी बंद झाली. घरच्यांना अमेरिकेचं पाणी बाधलं वाटलं. मलाही आधी स्ट्रेस वाटला, नवीन नोकरी, व्हिसा. सहा महिन्यांनी एफएसएच केला तर प्रचंड वर, महिन्याने परत केला तसाच. अंडाशयांनी वेळेआधी काम थांबवलं, चाळिशीच्या आत असं झालं की त्याला वेगळं नाव आहे, नेहमीचा मेनोपॉज म्हणत नाहीत कारण यात अंडाशय अधूनमधून जागंही होतं, पाच-दहा टक्के बायकांना तर आपोआप दिवसही जातात. अंगातून वाफा यायच्या मीटिंगमध्ये. आता हार्मोन घेते, पन्नाशीपर्यंत घ्यायचेत, हाडं आणि हृदयासाठी. सासूबाई विचारतात एवढ्या गोळ्या कशाला. मुद्दा एवढाच की माझी मैत्रीण दोन वर्षं 'ताण आहे, येईल' म्हणत बसली होती, मी सहा महिने बसले, आणि मला तेही जास्त वाटतात.

निंबोणी | २७ सप्टेंबर, रात्री १०:३०

रिपोर्ट आले. साताऱ्याच्या एका गायनॅककडे गेलो, मी ठाण्याहून मुद्दाम गेले. टीएसएच २.९. प्रोलॅक्टिन ११८, लॅबची नॉर्मल मर्यादा पंचविसाच्या आसपास लिहिलीय. एफएसएच-एलएच खालच्या बाजूला. प्रेग्नन्सी निगेटिव्ह (चौथ्यांदा, आता ती हसायला लागलीय).

आणि ते न सांगितलेलं काय होतं ते कळलं. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर बसवलं. जूनपासून तिच्या कपड्यांना डाग पडत होते, दूध. पोरीला वाटलं कॅन्सर. सहा जणींच्या खोलीत रात्री उठून कपडे धुवायची आणि कोणाला सांगितलं नाही, आईला तर नाहीच, कारण आई लगेच 'लग्न न झालेल्या मुलीला दूध कसं' म्हणून काय अर्थ काढेल. तीन महिने. मला बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मी बाकावरच बसले.

डॉक्टरांनी ती कॅप्सूल बंद केली, ॲसिडिटीला दुसरं साधं औषध दिलं आणि तीन आठवड्यांनी परत प्रोलॅक्टिन. खाली आलं नाही तर पिच्युटरीचा एमआरआय. डोकेदुखी वगैरे काही नाहीये. पीसीओडी शब्द त्यांनी रिपोर्टवर पेनने काट मारून दाखवला, मला लई बरं वाटलं.

कोकणी_काकू | २८ सप्टेंबर, सकाळी ६:२०

अरे देवा. पोरीला जवळ घेतलंस ना? मी शेळी म्हटलं त्याचं वाईट वाटून घेऊ नको हो. पत्ता पाठव व्यनि (खाजगी निरोप) मध्ये, डिंकाचे लाडू पाठवते, ओवा नाही घालत.

अर्धवट_झोप | २८ सप्टेंबर, दुपारी १२:४०

मंडळी मी आत्ता माझा ड्रॉवर बघितला. ऑफिसमध्ये ॲसिडिटी म्हणून अधूनमधून घेते ती पट्टी. पॅन्टोप्राझोल आणि डोमपेरिडोन. अधूनमधून म्हणजे आठवड्यातून चारदा. पीसीओएस माझं खरंच आहे, पण डॉक्टरना ही गोळी मी कधी सांगितलीच नाही, कारण ती औषध वाटतच नव्हती.

स्टेथोवाली | २८ सप्टेंबर, रात्री ९:००

पुढच्या वेळी पट्टीसकट जा. सगळ्या पट्ट्या, प्रोटीन पावडर, वजन कमी करायचं चूर्ण, सगळं एका पिशवीत.

निंबोणी | १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५०

प्रोलॅक्टिन १४. डाग पूर्ण बंद. पाळी मात्र अजून नाही, डॉक्टर म्हणाल्या अर्धं काम औषधाचं होतं आणि अर्धं डब्याचं आहे, वजन ४८ च्या पुढे जाऊ दे. आता दोन डबे लावलेत, बहीण दर रविवारी एसटीने लाडू-चटण्या पाठवते (काकूंचे लाडू चार दिवसांत संपले, खोलीतल्या सगळ्यांनी मिळून). चहा तीनवर आणायचा ठरलंय, मला तरी ते खरं वाटत नाही.

बाबा_माणूस | २ नोव्हेंबर, रात्री ११:२०

आमचीही बातमी देतो. सोनोग्राफीत सगळं जागेवर आहे, रक्त पण ठीक. तिच्या आईची साडेपंधराला आली होती असं तिच्या आजीकडून कळलं. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी बोलावलंय. दवाखान्यातून येताना तिने स्वतःच पॅडचं पाकीट घेतलं, दप्तरात असू दे म्हणाली. मी दुकानाबाहेर उभा होतो, मग आत गेलो.

निंबोणी | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

सकाळी साडेसहाला फोन. मी दचकून उठले. पलीकडून, "मावशी, आली. आणि कंबर इतकी दुखतेय की आज अभ्यासिकेत जाणार नाही, आईला तू सांग, मी झोपते."